सव्वासतरा सेंटिमीटर तार

कंपासपेटीतली पट्टी पंधरा सेंटिमीटरची असते. ती अपुरी पडली म्हणून अण्णांनी नातीच्या दप्तरातली मोठी फूटपट्टी काढून घेतली, ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि वायरिंगमधून उरलेली तांब्याची तार सोलून, ताणून तिच्याशेजारी ठेवली. चष्मा कपाळावर, जीभ दातांत. सव्वासतरावर पेन्सिलीची खूण केली आणि पकडीनं तार कट्‌कन तोडली. पुन्हा मोजली. "दोन मिलिमीटर जास्त आहे," म्हणत कानस घेऊन बसले. आई म्हणाली, "सोनारसुद्धा एवढं बघत नाही हो."

त्या तारेचं एक टोक पोस्टाच्या तिकिटाएवढ्या हिरव्या पट्टीला सोल्डर करायचं होतं. ही पट्टी आणि तिची जोडीदारीण आम्ही पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणली होती. दोघी मिळून एका मिसळीच्या किमतीत. एक बोलते, दुसरी ऐकते. दोघी ४३३.९२ मेगाहर्ट्झवर. या फ्रिक्वेन्सीची एक लहर एकोणसत्तर सेंटिमीटर लांब, आणि अँटेना म्हणून तिचा पाव हिस्सा पुरतो. म्हणून सव्वासतरा.

मेगाहर्ट्झ हा शब्द परका वाटत असेल तर जुना रेडिओ आठवा. आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं. ती लहर जवळजवळ ३७९ मीटर लांब. दौंडच्या माणसाला कळेल अशा मापात सांगायचं तर सतरा डब्यांची गाडी. घरातलं वायफाय बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, त्याची लहर साडेबारा सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही. या दोन टोकांच्या मध्ये, पण वायफायच्या बरंच जवळ, आमची एकोणसत्तर सेंटिमीटरवाली बसते. तिला 'कमी फ्रिक्वेन्सी' म्हणायचं ते वायफायच्या मानानं. आकाशवाणीच्या मानानं ती भलतीच चढ्या आवाजातली आहे. तांत्रिक लोक या घराण्याला सब-गिगाहर्ट्झ म्हणतात, म्हणजे एक गिगाहर्ट्झच्या आतली मंडळी.

ही सगळी उठाठेव पाण्याच्या टाकीसाठी होती. नळाला पाणी पहाटे येतं, खालच्या हौदात पडतं, तिथून मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मोटर लावून माणूस झोपला की टाकी वाहणार आणि शेजारच्या काकू हाक मारणार. आधी गच्चीपासून खालपर्यंत वायर टाकून फ्लोट लावला होता, ती वायर उंदरांनी कुरतडली. मग पुण्याहून भाच्यानं वायफायवर चालणारं यंत्र आणून दिलं. मोबाइलवर टाकीचं चित्र दिसायचं, त्यात निळं पाणी हलायचं, फार छान. पण आमचं घर जुनं, दगडी, भिंती दीड हात रुंद. राउटर दर्शनी खोलीत, टाकी मागच्या गच्चीवर. मोबाइलवरची ती गोल चकती फिरत राहायची आणि पाणी काकूंच्या अंगणात.

भिंतीचा आणि लहरीचा हिशेब फार गुंतागुंतीचा नाही. लहर जितकी तोकडी तितकं तिला सगळंच आडवं येतं: दगड, ओलसर वीट, झाडाची पानं, माणसाचं अंग. शिवाय मोकळ्या माळावरही, ताकद सारखी आणि अँटेना दोन्हीकडे पाव लहरीची धरली, तर ४३३ची हाक २.४ गिगाहर्ट्झपेक्षा साडेपाच पट लांब ऐकू जाते. बदल्यात काय द्यावं लागतं? वेग. या लहरीवरून सिनेमा बघता येणार नाही. पण टाकी भरली हे सांगायला सिनेमा कशाला हवा? एक शब्द पुरतो.

तर तार लागली, यंत्र गच्चीवर गेलं, आणि आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. नवव्या दिवशी पहाटे साडेपाचला काकूंची हाक आली.

अण्णांनी रेल्वेच्या सिग्नल खात्यात आयुष्य काढलं. त्यांना हाक ऐकूनच उलगडा झाला असावा, कारण जिन्यावरून उतरतानाच ते म्हणाले, "लाइन क्लिअर घेतलंच नव्हतं."

हे समजून घ्यायला एकेरी मार्गावरच्या स्टेशनात जायला हवं. दोन स्टेशनांमध्ये एकच रूळ. दोन्हीकडून गाड्या सुटल्या तर समोरासमोर. म्हणून जुन्या पद्धतीत प्रत्येक स्टेशनात एक लोखंडी यंत्र असे आणि त्याच्या पोटात धातूचे गोळे. ड्रायव्हरच्या हाती गोळा पडल्याखेरीज गाडी हलायची नाही. आणि गोळा बाहेर पडायचा कधी? पलीकडच्या स्टेशन मास्तरनं घंटेच्या ठोक्यांना उत्तर दिलं, आपल्या यंत्राची मूठ फिरवून संमती दिली, तरच. या दोन यंत्रांपैकी एकातून एक गोळा बाहेर आला की तो परत कुठल्यातरी एका यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघत नाही. 'गाडी पाठवतोय' एवढं कळवून भागत नाही, 'ये' असं उत्तर यावं लागतं. ते उत्तर म्हणजे लाइन क्लिअर.

आमची मिसळीच्या किमतीतली जोडी यात नापास झाली होती. गच्चीवरची पट्टी म्हणाली, "मोटर बंद कर." त्याच क्षणी गल्लीत कुणीतरी गाडीच्या किल्लीचं बटण दाबलं असेल, नाहीतर कुणाची दारावरची बेल वाजली असेल. सगळे ४३३वरच. दोन आवाज एकमेकांत मिसळले, खालच्या पट्टीला काही बोध झाला नाही. आणि वरची समजतेय, काम झालं. तिला कान नाहीतच. ती फक्त बोलते.

बाजारातली बहुतेक स्वस्त उपकरणं अशीच बिनकानाची आहेत. रिमोटवरचा पंखा, सरकतं फाटक, बिनवायरची बेल, भिंतीला चिकटवायचं बटण. त्यांची भाषाही साधी: लहर चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य, तारायंत्राच्या कट्ट-कड्डसारखी. आत एक दीड-दोन रुपयाएवढ्या जीवाची चिप असते, तिला कारखान्यातून एक क्रमांक दिलेला असतो, बटण दाबलं की ती तोच क्रमांक पाच-सात वेळा घोकते. घोकते कशासाठी? एकदा तरी ऐकू जाईल म्हणून. उत्तराच्या जागी नुसता आग्रह.

---

खरी गोष्ट टाकीची नव्हतीच. ती रंगीत तालीम होती. अण्णांच्या डोक्यात मोटर होती ती शेतातली.

दौंड आणि शिरूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे तालुके. इकडे भीमा, तिकडे घोड, वरून कालव्याचं पाणी आणि खाली ऊस. इथल्या शेतकऱ्याचं घर चार भिंतींत संपत नाही. घराचा एक खांब विहिरीवर रोवलेला असतो. शहरातला माणूस 'होम ऑटोमेशन' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आपोआप सरकणारे पडदे येतात. इथे त्याचा अर्थ एकच: मोटर कोण चालू करणार?

शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की दहा-अकराला किंवा मध्यरात्री येणार आणि सकाळी जाणार. मध्ये फेज गेला, फ्यूज उडाला की पुन्हा विहिरीवर जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. वस्तीपासून आमची विहीर आठशे मीटर. वाट उसातून. धाकटा चुलतभाऊ पायात गमबूट, हातात बॅटरी आणि काठी घेऊन निघतो. पूर्वी भीती फक्त सापाची होती. आता बिबट्या आहे. उसातच जन्मलेली, उसालाच जंगल समजणारी त्यांची पिढी जुन्नर-आंबेगावकडून शिरूर-दौंडपर्यंत पसरली आहे. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन-चार आठवड्यांत तीन जीव गेले, त्यातली दोन लेकरं होती. ती माणसं काही मोटर लावायला गेली नव्हती. पण त्यानंतर रात्री मोटरीवर जायचं म्हटलं की वस्तीवरच्या बायका दारात उभ्या राहतात. बॅटरीचा उजेड परत येईपर्यंत आत जात नाहीत.

यावर शेतकऱ्यानं शोधलेला पहिला उपाय रेडिओचा नव्हता. त्याचं नाव 'ऑटो'. स्टार्टरला जोडायचा एक छोटा डबा: लाइट आली की आपोआप मोटर चालू. दौंडात मोटर रिवायंडिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतो. वरवर पाहता यासारखं सोपं काही नाही. पण विचार करा, एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीस मोटरी, वीस ऑटो. लाइट आली की वीसही मोटरी एकाच सेकंदाला उठणार, आणि मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी जळतो. मग तो बदलून येईपर्यंत उभं पीक पाण्यावाचून. म्हणून महावितरण ऑटो काढा म्हणून विनवत असतं आणि शेतकरी आधी दिवसा लाइट द्या म्हणत असतो. दोघांचंही बरोबर. ऑटोला दुसरीही खोट आहे: विहिरीत पाणी आहे का, पाइप फुटलाय का, त्याला काही ठाऊक नाही. तोही बिनकानाचा.

पुण्यातले संतोष ओस्तवाल यांनी यावर मोबाइलचा तोडगा काढला. लहानपणी आजोबांना रात्री-अपरात्री मोटरीसाठी शेतात जाताना त्यांनी पाहिलं होतं. पुढे इंजिनिअर झाल्यावर त्यांनी 'नॅनो गणेश' बनवलं: स्टार्टरला जोडलेला मोबाइल, त्याला फोन लावायचा, ठरावीक आकडे दाबायचे, मोटर चालू, आणि लाइट आहे की नाही हेही घरबसल्या कळणार. म्हणजे याला कान होते. २००९मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला मोठं पारितोषिक मिळालं. आज त्या धर्तीची यंत्रं गावोगाव दिसतात, आणि दौंडच्या आठवडी बाजारात कुणी फोन कानाला लावून, काही न बोलता, नुसताच मान हलवत उभा दिसला तर तो बहुधा आपल्या मोटरीशी बोलत असतो.

आमच्याकडेही असं एक होतं. कुठलं ते सांगत नाही, कारण दोष यंत्राचा कमी आणि आमचा जास्त. स्टार्टरच्या डब्यातलं सिमकार्ड रिचार्ज करायचं राहून गेलं. माणूस आपल्या फोनचं रिचार्ज विसरत नाही, मोटरीचं विसरतो. शिवाय नदीकाठाला रेंज कधी असते, कधी नसते. आठशे मीटरवर निरोप पोचवायला तो आधी टॉवरवर, तिथून कुठल्यातरी शहरातल्या यंत्रात आणि परत टॉवरवरून विहिरीवर आणायचा, हे अण्णांना पहिल्यापासून पटलं नव्हतं. "शेजारच्या स्टेशनला निरोप द्यायला मुंबईला तार कशाला?" हा त्यांचा मुद्दा.

---

इथे कायद्याची थोडी माहिती घ्यावी लागेल, कारण हवेतही सातबारा असतो.

आपल्याकडे एके काळी नुसता रेडिओ ऐकायलाही परवाना लागे. १९८०च्या दशकापर्यंत पोस्टात पैसे भरून परवान्याच्या पुस्तिकेवर तिकिटं डकवून घ्यावी लागत. अण्णांच्या ट्रंकेत आजोबांची ती पुस्तिका आहे. ऐकायला परवाना, तिथे बोलायचं तर नावच सोडा. मार्च २००५मध्ये केंद्र सरकारनं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मुक्त केला, आणि २०२१मध्ये तो ८६८पर्यंत वाढवला. एक वॉटपर्यंत ताकद चालते. ४३३ ते ४३४चा पट्टाही मोकळा आहे, पण घरातल्या वापरासाठी आणि दहा मिलीवॅटच्या आत. म्हणजे टाकीला ४३३ ठीक. आठशे मीटरवरच्या विहिरीसाठी ८६५च धरायला हवा. उपकरणाचा नमुना मात्र सरकारमान्य असावा लागतो. गायरान मोकळं असलं तरी चरायला सोडलेल्या गुराच्या कानात बिल्ला हवा, तसं.

आणि प्रत्येक देशाचं गायरान वेगळं. आमचा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो. गेल्या खेपेला आला तेव्हा मामांसाठी म्हणून घर 'स्मार्ट' करायची एक पेटी घेऊन आला: दिव्याचं बटण, दाराचा सेन्सर, सगळं झेड-वेव्ह नावाच्या पद्धतीचं. महागडं, देखणं. अण्णांनी खोका उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "हे इथं लावायचं नाही." अमेरिकेत झेड-वेव्ह ९०८.४२ मेगाहर्ट्झवर बोलतं, युरोपात ८६८.४२वर, भारतात ८६५.२वर. आणि आपल्याकडे ८९० ते ९१५ हा पट्टा मोबाइलचा: याच वाटेनं तुमच्या-आमच्या फोनचा आवाज टॉवरकडे जातो. तिथे दिव्याच्या बटणानं तोंड घालायचं म्हणजे दुसऱ्याच्या उसात आपली बैलगाडी. युरोपची वस्तू तर नुसत्या धुऱ्याच्या पलीकडे पडते, ८६८ला आपली हद्द संपते आणि ती ८६८.४२ला उभी. ऑनलाइन मागवताना '९१५' असं लिहिलेली पट्टी चार पैसे स्वस्त दिसते, तिचंही तेच. आतेभाऊ हिरमुसला. पेटी अजून माळ्यावर आहे.

विहिरीसाठी आम्ही निवडलेल्या पद्धतीचं नाव लोरा. फ्रान्समधल्या सायक्लेओ नावाच्या छोट्या कंपनीनं ती शोधली, २०१२मध्ये अमेरिकेतल्या सेमटेकनं ती कंपनी विकत घेतली. भारतासाठी तिचे ठरलेले तीन मुख्य चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झवर आहेत. हिची करामत सांगायला मला शिरापूरचा काठ आठवतो. सिद्धटेकच्या गणपतीला दौंडच्या बाजूनं जायचं तर पूर्वी शिरापूरला येऊन भीमा होडीनं ओलांडावी लागे. होडी पलीकडे असली की काठावरून हाक मारायची. तिथे भराभर बोलून उपयोग नसे. वाऱ्यात शब्द विरून जायचे. जाणता माणूस तोंडाशी हात धरून एकच स्वर लांबवायचा, खालून वर चढवत नेत: "ओऽऽऽऽ." वारा, पाणी, देवळातल्या घंटा या सगळ्यांतून नावाड्याला तेवढं बरोबर वेगळं काढता यायचं. लोरा हेच करते. फ्रिक्वेन्सी खालून वर सरकवत एकेक अक्षर ताणते. सर्वांत ताणलेल्या चालीत डझनभर अक्षरांचा निरोप जायला सेकंदाहून जास्त लागतो. पण आसपासच्या गोंगाटाच्या शंभराव्या हिश्शाइतका क्षीण झाला तरी तो ओळखता येतो.

---

विहिरीवरचं पहिलं यंत्र बसवायला आम्ही तिघं गेलो: अण्णा, चुलतभाऊ आणि दुखणी लिहून घ्यायला मी. स्टार्टरचा पत्र्याचा डबा उघडला. आत एक वाळलेली पाल चिकटलेली. हे इकडे नेहमीचंच. डब्यात ऊब असते, किडे येतात, किड्यांमागे पाल, आणि पाल दोन संपर्कांत सापडली की एक फेज जातो, मोटर गुरगुरत बसते आणि वायंडिंग जळतं. पालीची उत्तरक्रिया झाल्यावर यंत्र आत बसवलं, झाकण लावलं, वस्तीवर आलो. निरोप काही पोचेना. अण्णा दोन मिनिटं गप्प बसले आणि मग कपाळावर हात मारला. पत्र्याच्या बंद डब्यात अँटेना ठेवली होती! पत्र्यातून लहर बाहेर येत नाही, चौथीच्या पुस्तकातली गोष्ट. परत गेलो, डब्याला भोक पाडलं, वायर बाहेर काढून पीव्हीसी पाइपावर अँटेना उभी केली. वस्तीवर हिरवा दिवा लागला.

दुसरं दुखणं वेगळं. मोटर बंद करताना स्टार्टर खट्‌ आवाज करून पडला की यंत्र स्वतःच बंद पडून पुन्हा चालू व्हायचं. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा करंट अचानक तुटला की ती उलटा झटका देते, त्यानं आतली चिप भांबावते. रिवायंडिंगच्या दुकानदारानं कॉइलवर रोधक आणि कपॅसिटर यांची एक जोडी लावून दिली, पैसे घेतले नाहीत. मात्र आमचं यंत्र पाहून म्हणाला, "दादा, हे चालतंय ठीक, पण मोटर फिरली हे तुम्हाला कशावरून कळतं?"

अण्णा खूष. हाच त्यांचा प्रश्न होता.

त्याचं उत्तर म्हणून त्यांनी मोटरीच्या एका वायरीभोवती कडं घातलं, करंट मोजणारं. वस्तीवरून 'चालू' असा निरोप गेला की विहिरीवरचं यंत्र आधी 'मिळाला' म्हणतं. पण तेवढ्यावर वस्तीवरचा दिवा हिरवा होत नाही. वीस सेकंदांनी ते करंट मोजून अँपिअर कळवतं. आमची मोटर पाच हॉर्सपॉवरची. पाणी उचलत असेल तर सात-साडेसात अँपिअर. नुसती हवा ओढत असेल तर चारच्या आसपास. एखादा फेज नसेल तर आकडा भलतीकडेच. सात आले तरच हिरवा. चार आले तर यंत्र स्वतःच मोटर पाडतं आणि लाल दिवा लावतं. आणि लाइट आल्या आल्या मोटर उठवायची नाही. दोन ते दहा मिनिटं कितीही थांबायचं, दर वेळी वेगळं, म्हणजे डीपीवर सगळ्यांची गर्दी नको. हे थांबणं अण्णांच्या मते या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनीही तेवढंच मागून नेलं, बाकीचं नको म्हणाले.

सौर पंप आले की रात्रीचं हे सगळं संपेल असं म्हणतात. सरकारच्या योजना चालू आहेत, आमच्या शिवारातही पॅनेल दिसायला लागलीत. चांगलंच आहे.

---

ऐकायचा नाद लागला की माणूस थांबत नाही. टीव्ही बघण्यासाठी म्हणून निघालेली यूएसबीची एक स्वस्त कांडी मिळते, रियलटेकच्या चिपची. २०१२च्या सुमारास हौशी लोकांच्या लक्षात आलं की हिला टीव्हीच काय, जवळजवळ काहीही ऐकवता येतं. एका संध्याकाळी ती लॅपटॉपला लावून, ४३३ ऐकणारं फुकटचं सॉफ्टवेअर चालू करून आम्ही गच्चीवर बसलो. दोन तासांत पडद्यावर ओळींमागून ओळी. गल्लीतल्या तीन बेला. कुणाच्या तरी फाटकाचा रिमोट. रस्त्यानं जाणाऱ्या नव्या गाड्यांच्या चाकांतले हवा मोजणारे सेन्सर: गाडी येते, चार चाकांचे चार क्रमांक, गाडी जाते. गाडी रोज किती वाजता येते हे नंबर प्लेट न बघता सांगता येईल. आणि फाटकाचा रिमोट दर वेळी तोच क्रमांक घोकतो. जो कुणी तो एकदा ऐकेल तो उद्या तसाच म्हणून दाखवू शकेल. बऱ्या गाड्यांच्या किल्ल्या दर दाबाला क्रमांक बदलतात; बाजारातले स्वस्त रिमोट बदलत नाहीत. दिव्याला हरकत नाही. दाराला असला रिमोट लावू नये, एवढं मी तरी नातेवाइकांना सांगून ठेवलंय.

मात्र या लहानशा बडबडीचा त्रास ज्यांना खरोखर होऊ शकतो ते आमच्यापासून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात आहेत. नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, त्यातल्या चौदा मध्यभागी एक किलोमीटरच्या चौकात आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली, कमी फ्रिक्वेन्सीचं आकाश ऐकायला. जागा निवडताना एक मोठं कारण होतं तिथली रेडिओ-शांतता. अलीकडे सुधारलेल्या दुर्बिणीचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे. म्हणजे आमची ४३३ त्याच्या आतच. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली लहर आणि कुणाच्या तरी दारावरची बेल, एकाच वाटेवर. पुणे-नाशिक रेल्वेचा त्या बाजूनं आखलेला मार्गही या दुर्बिणीसाठी बदलावा लागतो आहे, त्यावरून नारायणगाव-जुन्नरकडे नाराजी आहे आणि ती समजण्यासारखी आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनाच्या प्रदर्शनासाठी खोडद सर्वांना खुलं असतं. अण्णा तिथे जाऊन आले. आल्यावर दोन दिवसांत त्यांनी टाकीचं यंत्र दर मिनिटाऐवजी दर दहा मिनिटांनी बोलेल असं करून घेतलं. नव्वद किलोमीटरवर दहा मिलीवॅट काही पोचत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. "पण उगाच कशाला बोलायचं?" म्हणाले.

---

राहता राहिला ऊस.

यंत्र बसवलं तेव्हा खोडवा गुडघ्याएवढा होता. वस्तीवरच्या पडद्यावर सिग्नलचा आकडा यायचा उणे ९८. हा आकडा जितका खाली तितकी हाक क्षीण. आषाढात उणे १०६. श्रावणात ऊस डोक्यावर गेला आणि पाऊस लागला, पानापानावर पाणी, उणे ११५. भाद्रपदात उणे १२१ आणि रोजचे दोन-तीन निरोप गहाळ. उत्तर न आल्यामुळे यंत्र पुन्हा विचारायचं, पुन्हा विचारायचं, आणि शेवटी लाल दिवा. चुलतभाऊ काठी घेऊन निघायचा. अण्णांनी पाइप तीन फुटांनी उंच केला, तेवढ्यापुरतं भागलं. ऊसही तोवर तीन फुटांनी वाढला.

मग दिवाळीनंतर तोडणीची टोळी आली. दोन दिवसांत फड मोकळा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची ट्रॉली बांधावरून वर चढत होती तेव्हा अण्णा ओसरीवर पडद्यासमोर बसले होते. आकडा उणे ९७. त्यांनी मला फोन करून तो सांगितला, उसाचं वजन किती भरलं ते मात्र सांगायचं विसरले.

यंदाही पाऊस लांबलाय आणि आकडा आज सकाळी उणे ११९ आहे. कारखान्याचा चिटबॉय परवा वस्तीवरून गेला. तोडीची तारीख लवकरची मिळावी म्हणून सगळेच त्याच्या मागे असतात, आमचेही होते. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि कारण खरं खरं सांगितलं. तो बराच वेळ त्या पीव्हीसी पाइपाकडे बघत होता.